परीक्षणास उत्तर आणि उत्तरावरील शेरा

१

चित्रपटाच्या परीक्षणास उत्तर म्हणून निबंध लिहावयास सांगणे हा पदव्युत्तर वर्गातील एक परिचित स्वाध्याय आहे. चित्रपट पाहावयाचा, त्यावरील एखादे प्रसिद्ध परीक्षण वाचावयाचे आणि त्यातील मत कोठवर ग्राह्य आहे हे सकारण सांगावयाचे, इतकीच त्याची मागणी असते. मागणी लहान असली तरी स्वाध्याय अवघड आहे. कारण विद्यार्थ्यास एकाच वेळी दोन संहितांशी इमान राखावे लागते. चित्रपट ही एक संहिता आणि परीक्षण ही दुसरी. परीक्षणाकडे दुर्लक्ष करून केवळ चित्रपटाविषयी लिहिले तर निबंध हे आणखी एक परीक्षण होते. ते उत्तर होत नाही. उलट, परीक्षकाच्या वाक्यांशीच झुंजत राहिले तर चित्रपट दृष्टीआड होतो आणि वादाचा निवाडा करणारा पुरावाच उरत नाही. या निबंधावर अध्यापक जो अभिप्राय देतो तो आणखी एका पायरीने दूरचा असतो. चित्रपटावरील लेखनाला दिलेल्या लेखी उत्तराविषयी तो बोलतो, आणि म्हणूनच मूळ वस्तू हातातून निसटण्याचा धोका त्यात सर्वाधिक असतो.

निबंध कसा लिहावा याची चर्चा वर्गात होत असते. त्यावरील शेरा कसा असावा याची चर्चा त्या मानाने क्वचितच होते. 'चांगला प्रयत्न', 'भाषा सुधारावी', 'मते अधिक स्पष्ट हवीत', 'खोली कमी' असे शेरे समासात उमटतात. विद्यार्थी त्यांवरून डोळा फिरवतो आणि गुणांच्या आकड्याकडे वळतो. पुढच्या निबंधात तोच दोष पुन्हा दिसतो, आणि तोच शेराही. यात विद्यार्थ्याचा आळस असेलच असे नाही. 'खोली कमी' या शेऱ्यावरून उद्या सकाळी नेमके काय करावयाचे हे कोणालाही कळणे शक्य नाही.

उत्तरनिबंधावरील अभिप्रायाची दोन कामे प्रथम येतात. विद्यार्थ्याचे उत्तर परीक्षणातील कोणत्या प्रकारच्या विधानास आहे हे त्याला दाखवून देणे हे पहिले, आणि ते विधान पडताळण्यासाठी त्याला पुन्हा चित्रपटाकडे पाठविणे हे दुसरे. मताची योग्यायोग्यता व भाषेची शुद्धता यांचा क्रम त्यानंतरचा. हे प्रतिपादन एका प्रत्यक्ष उदाहरणावर तपासून पाहणे इष्ट ठरेल.

२

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा चित्रपट १९५५ मध्ये पूर्ण झाला. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९५६ च्या कान महोत्सवात त्याला 'मानवी दस्तऐवज' म्हणून विशेष पारितोषिक मिळाले. सप्टेंबर १९५८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात लागला, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'चे चित्रपट-परीक्षक बॉस्ली क्राउथर यांनी त्यावर परीक्षण लिहिले. त्यातील एक विधान पुढे वारंवार उद्धृत झाले. इतक्या सैल बांधणीचा आणि इतक्या मंद गतीचा चित्रपट हॉलिवूडच्या संकलकांपुढे कच्चे संकलन म्हणूनही जेमतेमच खपला असता, असा त्याचा आशय आहे.

हे एवढेच विधान वाचले तर परीक्षण सर्वस्वी प्रतिकूल आहे असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. परीक्षणाची रचना दुपेडी आहे. पहिल्या तासाभरात कॅमेरा खेड्यात स्वैर भटकतो, घरगुती दृश्यांचे तुकडे जमा होतात आणि त्यांचा अर्थ लागत नाही, असे परीक्षक म्हणतो. मग म्हातारीचा अंत आणि मुलीचे आजारपण व मृत्यू हे प्रसंग आले की त्या तुकड्यांतून आशय वर येतो आणि संपूर्ण कृतीस एक काव्यात्म रूप लाभते, असेही तोच सांगतो. दारिद्र्य प्रेमाचा नाश करतेच असे नाही, हा आशय त्याला भावलेला आहे. सुब्रत मित्र यांचे छायाचित्रण व रविशंकर यांचे संगीत यांची तो मोकळेपणाने वाखाणणी करतो. म्हणजे येथे परीक्षकाचे मत परीक्षणाच्या ओघातच वळण घेते. या परीक्षणास उत्तर द्यावयाचे तर त्या वळणालाही उत्तर द्यावे लागेल.

या परीक्षणावर विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधात कसा परिच्छेद येऊ शकतो याचा एक नमुना चर्चेच्या सोयीसाठी रचून घेऊ:

'क्राउथर यांनी या महान चित्रपटावर अन्याय केला आहे. परदेशी माणसाला भारतीय खेड्यातील जीवन समजणे शक्यच नाही. हा चित्रपट जागतिक अभिजात कलाकृती मानला जातो आणि त्याला कान येथे पारितोषिकही मिळाले आहे. स्वतः राय यांनीही जाणूनबुजून अशीच रचना केली होती. त्यामुळे मला क्राउथर यांचे मत पूर्णतः चुकीचे वाटते.'

या परिच्छेदात व्याकरणाची चूक नाही. त्यातील माहितीही बहुतांशी खरी आहे. 'मत चांगले मांडले आहे, अधिक उदाहरणे द्यावीत' असा शेरा देऊन सहा-सात गुण देण्याचा मोह कोणासही होईल. तरीही हे उत्तर झालेले नाही. परिच्छेद वाचून चित्रपटातील एकही दृश्य डोळ्यांपुढे येत नाही, आणि परीक्षण अर्धेच वाचले गेले आहे.

३

नमुन्यातील परिच्छेद तीन आधारांवर उभा आहे: कीर्ती, परकेपणा आणि कर्त्याचा हेतू.

कीर्तीचा आधार सर्वांत दुबळा. पारितोषिकाने चित्रपटाची बांधणी घट्ट होत नाही. शिवाय १९५६ चे पारितोषिक १९५८ च्या परीक्षणापूर्वीचे आहे. पारितोषिकामुळे बांधणीचा प्रश्न मिटला असता तर परीक्षकाने तो उपस्थित करणेच अवैध ठरले असते आणि परीक्षण हा लेखनप्रकारच निरर्थक झाला असता. येथे 'पारितोषिकाचा उल्लेख अप्रस्तुत' एवढे लिहून भागणार नाही. विद्यार्थी उल्लेख खोडील आणि त्याची जागा रिकामीच राहील. 'पारितोषिक देणाऱ्यांना चित्रपटात असे काय दिसले असावे, जे परीक्षकाला पहिल्या तासात दिसले नाही?' असा प्रश्न समासात लिहिला, तर विद्यार्थ्यास चित्रपट पुन्हा पाहावाच लागतो.

परकेपणाचा आधार अधिक विचार करावयास लावणारा आहे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. मात्र तो अंश परीक्षणातील एका ठरावीक जागी सापडतो. परीक्षक म्हणतो की, संवाद जलद फिरविलेल्या ध्वनिमुद्रिकेसारखे ऐकू येतात आणि इंग्रजी उपशीर्षकांनी अर्थाची फारशी उकल होत नाही. बंगालीत सहज बोललेले संभाषण न्यूयॉर्कमध्ये भरधाव ऐकू यावे, यात भाषेच्या अभ्यासकास नवल वाटणार नाही. बोलण्याच्या प्रवाहात शब्दाशब्दांमध्ये विराम नसतो. शब्दांच्या सीमा श्रोता आपल्या भाषाज्ञानाच्या बळावर पाडीत असतो. ज्याला भाषा येत नाही त्याला त्या सीमा सापडत नाहीत, आणि अखंड प्रवाह त्याला आहे त्याहून वेगवान भासतो. तेव्हा परीक्षकाने चित्रपटाचा म्हणून सांगितलेला हा गुणधर्म वस्तुतः श्रोत्याच्या स्थितीचा आहे. विद्यार्थ्याने 'परदेशी माणसाला समजणे शक्यच नाही' हे व्यापक विधान सोडून या एका वाक्यावर बोट ठेवले असते तर त्याचा मुद्दा सिद्ध झाला असता.

पण शेरा देणाऱ्याने येथेच थांबू नये. मराठी भाषक विद्यार्थीही बंगाली संवाद बहुधा उपशीर्षकांच्या आधारानेच समजून घेतो. मग परकेपणाची रेषा नेमकी कोठे काढावयाची? भाषेपाशी, खेड्याच्या ओळखीपाशी, की चित्रपट पाहण्याच्या सवयीपाशी? हा प्रश्न विचारला गेला की 'ते' आणि 'आपण' ही आयती विभागणी डळमळते आणि विद्यार्थ्यास स्वतःचे पाहणेही तपासावे लागते. याला जोडूनच दुसरी एक गोष्ट नजरेस आणावी. आजच्या विद्यार्थ्यापुढे २०१५ मध्ये पुनरुद्धार होऊन प्रदर्शित झालेली स्वच्छ प्रत असते; ती थांबविता येते, मागे नेता येते. १९५८ च्या परीक्षकास दैनिकाच्या घाईत लिहावयाचे होते आणि चित्रपट असा उलटसुलट पाहण्याची सोय त्याला नव्हती. या असमानतेची नोंद न घेता परीक्षकाला दोष देणे हे परीक्षकाच्या न पाहण्याइतकेच एकांगी ठरेल.

तिसरा आधार कर्त्याच्या हेतूचा. राय यांनी १९५७ मध्ये 'साइट अँड साउंड' या नियतकालिकात या चित्रपटाच्या निर्मितीविषयी एक लेख लिहिला. कादंबरीतील भटकेपणा पटकथेत काही प्रमाणात राखणे आवश्यक वाटले, कारण बंगालमधील गरीब खेड्याचे जीवनच तसे रेंगाळत चाललेले असते, असे त्यात प्रतिपादन आहे. हे विधान परीक्षणाच्या आदल्या वर्षाचे असूनही परीक्षणास दिलेल्या उत्तरासारखे वाचता येते. नमुन्यातील विद्यार्थी त्याचा उपयोग करतो, पण हेतू होता एवढे सांगून थांबतो. हेतू असणे आणि तो कृतीत सफल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की, राय यांचे विधान स्वीकारले तर विद्यार्थ्याच्या उत्तराची जातच बदलते, आणि हे त्याच्या ध्यानात आलेले नाही.

४

'सैल' हा शब्द वर्णनवाचक आहे की मूल्यवाचक? दोर सैल आहे असे म्हटले की ते वर्णन होते. चित्रपटाची बांधणी सैल आहे असे म्हटले की वर्णनाबरोबर नापसंतीही उच्चारली जाते. त्या एका शब्दात दोन विधाने सामावलेली असतात. प्रसंगांचे परस्परांशी बंध कमी आहेत, हे पहिले. आणि बंध अधिक असावयास हवे होते, हे दुसरे. पहिले विधान चित्रपट पाहून पडताळता येते. दुसरे केवळ चित्रपट पाहून पडताळता येत नाही. त्यासाठी चांगल्या बांधणीचा कोणता निकष गृहीत धरला आहे हे काढावे लागते. परीक्षकाने आपला निकष लपविलेला नाही. हॉलिवूडच्या संकलकांचे नाव घेऊन त्याने तो उघडच सांगितला आहे.

यावरून उत्तराच्या दोन जाती होतात. पहिल्या जातीचे उत्तर म्हणते: वर्णन चुकीचे आहे, बंध आहेत, ते परीक्षकाला दिसले नाहीत. दुसऱ्या जातीचे उत्तर म्हणते: वर्णन बरोबर आहे, पण निकष येथे लागू नाही. राय यांचे १९५७ चे विधान दुसऱ्या जातीचे आहे. रचना भटकी आहे हे ते मान्य करते आणि त्या भटकेपणाला कारण देते. विद्यार्थ्याने राय यांचा दाखला देऊन लगेच परीक्षकाचे मत 'पूर्णतः' चुकीचे म्हणावे, हे म्हणूनच विसंगत ठरते. राय ज्या अर्ध्या भागाविषयी परीक्षकाशी सहमत आहेत तो अर्धा भाग त्याने न पाहताच टाकून दिला आहे.

पहिल्या जातीचे उत्तर या चित्रपटाच्या बाबतीत देता येते काय? भाषाशास्त्रात वाक्यातील एखादे पद गाळून पाहण्याची एक साधी कसोटी आहे. पद गाळल्यावर वाक्य मोडले तर ते पद रचनेचा आवश्यक घटक ठरते. तीच कसोटी येथे लावून पाहता येईल. पूर्वार्धात शेजारीण दुर्गेवर मण्यांची माळ चोरल्याचा आळ घेते. दुर्गा तो नाकारते. सर्वजया लाजेने व संतापाने तिला मारते. प्रसंग तेथेच संपल्यासारखा वाटतो. दुर्गेच्या मृत्यूनंतर, घर सोडण्याची आवराआवर चालू असताना, अपूच्या हाती ती माळ लागते. तो ती कोणाला न दाखविता तळ्यात टाकतो आणि पाण्यावरची शेवाळाची साय दुभंगून पुन्हा मिटू लागते. पूर्वार्धातील आळ गाळला तर शेवटचे हे दृश्य निरर्थक होते. चित्रपटाच्या आरंभी लहानगी दुर्गा बागेतील पेरू उचलून इंदिर ठाकरुणला देते. तो प्रसंग गाळला तर माळेच्या आळामागची पार्श्वभूमी जाते, आणि म्हातारीचा व मुलीचा जो बंध दोन्ही मृत्यूंना जोडतो तोही जातो. आगगाडी पाहून परतणाऱ्या मुलांनाच बांबूच्या बनात म्हातारी मृतप्राय आढळते. परीक्षकाला जे मृत्यू विखुरलेल्या तुकड्यांना अर्थ देणारे वाटले त्यांचे धागे त्या तुकड्यांतच विणलेले होते. पहिल्या तासाविषयीचे त्याचे वर्णन येथे अपुरे ठरते.

परंतु कसोटी प्रामाणिकपणे लावली तर सर्वच दृश्ये तिला उतरत नाहीत. पावसापूर्वी तळ्याच्या पृष्ठावर वावरणारे पाणकीटक दाखविणारी जी दृश्यमालिका आहे ती गाळल्याने पुढील एकही घटना अडत नाही. मिठाईवाल्यामागे जाणारी दुर्गा, तिच्यामागे अपू, त्यामागे कुत्रा आणि तळ्यातील त्यांची प्रतिबिंबे हा सुप्रसिद्ध क्षणही घटनाक्रमाचा आधारस्तंभ म्हणता येणार नाही. या ठिकाणी परीक्षकाचे वर्णन मान्य करून निकषाविषयी बोलावे लागते. घटनेला पुढे ढकलणे हेच दृश्याचे कार्य मानावे, की पावसाच्या प्रतीक्षेत थांबलेला काळ जाणवून देणे हेही कार्य मानावे, असा तो प्रश्न आहे. पाणकीटकांची दृश्ये उत्तरार्धात येतात ही गोष्टही उल्लेखनीय आहे. परीक्षकाच्या मते ज्या भागात रूप सिद्ध होऊ लागते त्याच भागात घटनाक्रमाशी सर्वांत कमी बांधलेली दृश्ये आहेत, आणि ज्या भागाला तो भटका म्हणतो त्यात शेवटपर्यंत पोहोचणारे धागे आहेत.

तात्पर्य, या परीक्षणास समंजस उत्तर मिश्रच असू शकते: काही ठिकाणी वर्णन खोडून काढणारे, काही ठिकाणी वर्णन मान्य करून निकष नाकारणारे, आणि गतीच्या बाबतीत कदाचित परीक्षकाशी सहमत होणारेही. असे उत्तर विद्यार्थ्यास एकदम सुचेल अशी अपेक्षा करणे रास्त नाही. ते सुचण्याची वाट मोकळी करणे हे शेऱ्याचे काम आहे.

५

नमुन्यातील परिच्छेदाच्या भाषेकडे आता वळता येईल. पण शुद्धीच्या दृष्टीने नव्हे. मराठीतील दोन रचना अशा निबंधांत फार सुलभपणे येतात आणि दोन्ही पुराव्याची जबाबदारी टाळावयास उपयोगी पडतात.

पहिली, 'मला वाटते' ही रचना. 'क्राउथर यांचे मत चुकीचे आहे' हे विधान खोडून काढता येते. 'मला क्राउथर यांचे मत चुकीचे वाटते' हे वाक्य खोडून काढणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्यात मताच्या चूक-बरोबरपणापेक्षा बोलणाऱ्याच्या अनुभवाचे कथन असते. 'मला थंडी वाटते' या वाक्याला ज्याप्रमाणे कोणी 'नाही' म्हणू शकत नाही, त्याप्रमाणेच. विनयाची खूण म्हणून ही रचना समर्थनीय आहे; युक्तिवादाच्या निष्कर्षस्थानी ती आली की युक्तिवाद वादाच्या कक्षेबाहेर जातो.

दुसरी, 'मानला जातो' ही रचना. 'जागतिक अभिजात कलाकृती मानला जातो' या वाक्यात मानणारा कोण हे सांगावे लागत नाही. कर्ता लोपलेला असल्यामुळे संमती सार्वत्रिक असल्याचा भास होतो. क्राउथर यांचे परीक्षण हाच ती संमती सुरुवातीस सार्वत्रिक नव्हती याचा पुरावा आहे. म्हणजे विद्यार्थी ज्या संहितेस उत्तर देत आहे तीच त्याचे वाक्य खोटे पाडते.

या दोन्ही ठिकाणी लाल शाईने रचना बदलून देणे सोपे आहे, पण त्यामुळे केवळ वाक्य सुधारते. 'कोणाला?', 'कोणी मानला, केव्हा?' एवढेच शब्द समासात पुरेसे आहेत. उत्तर शोधताना वाक्य आपोआप बदलते आणि विचारही बदलतो. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या अखेरच्या खर्ड्यापर्यंत राखून ठेवाव्यात हेही यावरून निघते. जो परिच्छेद पुढच्या खर्ड्यात राहणारच नाही त्यातील ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात दोघांचाही वेळ जातो, आणि परिच्छेद टिकविण्याजोगा आहे असा चुकीचा संदेश विद्यार्थ्यास मिळतो.

६

अभिप्राय मिळविणे ही विद्यार्थ्याच्या बाजूनेही एक कृती आहे. निबंध पुढे करून 'कसा वाटला?' असे विचारले तर 'बरा आहे' याखेरीज दुसरे उत्तर क्वचितच येते. प्रश्नच पसंती-नापसंतीचा असतो. विद्यार्थ्याने खर्ड्याबरोबर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: परीक्षणातील ज्या वाक्यास आपण उत्तर देत आहोत ते वाक्य; आपण वर्णन नाकारतो की निकष; आणि ज्या एका दृश्यावर आपले उत्तर उभे आहे ते दृश्य. या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर खर्डा दाखविण्याची वेळ आलेली नाही हे त्याला स्वतःलाच कळेल. लिहिता आल्या तर वाचणाऱ्याचे काम नेमके होते. ते वाक्य परीक्षणात खरोखर त्या अर्थाने आहे काय आणि ते दृश्य तो भार सोसते काय, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

सहाध्यायी वाचकाचाही येथे उपयोग आहे. ज्याने मूळ परीक्षण वाचलेले नाही अशा एखाद्याला निबंध वाचावयास द्यावा आणि त्यावरून परीक्षणाचा आशय सांगावयास लावावे. नमुन्यातील परिच्छेद वाचून तो 'परीक्षकाला चित्रपट मुळीच आवडला नाही' असे सांगेल. मग मूळ परीक्षण त्याच्या हाती द्यावे. परीक्षण अर्धेच वाचले गेले आहे ही गोष्ट अध्यापकाने सांगण्यापेक्षा अशा रीतीने उघड होणे अधिक परिणामकारक ठरते.

याहून नाजूक बाब अध्यापकाच्या निष्पक्षतेची आहे. 'पथेर पांचाली'विषयी विद्यापीठीय वर्गात आदराचे वातावरण असते. नमुन्यातील परिच्छेद त्या आदराच्या बाजूचा आहे, म्हणून त्यातील उणिवा सौम्य दिसतात. आता दुसऱ्या विद्यार्थ्याने असे लिहिले की, 'क्राउथर यांचे म्हणणे योग्य आहे. चित्रपट संथ आहे आणि मलाही तो कंटाळवाणा वाटला.' या वाक्याखाली 'पुन्हा विचार करा' असा शेरा पडण्याचा संभव मोठा आहे. तार्किकदृष्ट्या दोन्ही परिच्छेद सारखेच दुबळे आहेत: दोहोंत दृश्य नाही, दोहोंत निष्कर्ष 'वाटण्या'वर टेकलेला आहे. एकाला 'छान' आणि दुसऱ्याला 'पुन्हा विचार करा' असे लिहिले तर विद्यार्थी एवढेच शिकतो की, अध्यापकाचे मत आधी ओळखावे आणि मग लिहावे. ही शिकवण एका निबंधापुरती राहत नाही. प्रबंधापर्यंत आणि पुढे त्याच्या स्वतःच्या अध्यापनापर्यंत ती जाते. दोघांनाही एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे: 'कोणत्या दृश्यात?' कंटाळलेल्या विद्यार्थ्याने पाणकीटकांच्या दृश्याकडे बोट दाखविले आणि घटनेवाचून काळ जाणवून देण्याचा प्रयत्न तेथे का फसला हे सांगितले, तर त्याचे उत्तर भक्तिभावाने लिहिलेल्या उत्तरापेक्षा सरस मानले पाहिजे, मग अध्यापकाचा स्वतःचा कल काहीही असो.

मत बदलणे हा अभिप्रायाचा हेतू नसला तरी मत बदलू शकते, आणि नामांकित परीक्षकांचेही बदलते. १९६७ मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' या अमेरिकन चित्रपटावर याच क्राउथर यांनी अत्यंत प्रतिकूल लिहिले. वाचकांची निषेधाची पत्रे येऊनही ते आपल्या मतावर ठाम राहिले. 'न्यूजवीक'चे जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही आरंभी प्रतिकूलच परीक्षण लिहिले होते. त्यांनी तो चित्रपट प्रेक्षकांसमवेत पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात पहिले मत मागे घेणारे दुसरे परीक्षण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॉलीन केल यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये त्या चित्रपटाच्या समर्थनार्थ दीर्घ लेख लिहिला. क्राउथर यांच्या ठाम राहण्यात मुळात काही गैर नव्हते, आणि मॉर्गनस्टर्न यांच्या माघारीतही केवळ माघार म्हणून काही थोर नव्हते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मधली क्रिया, म्हणजे पुन्हा पाहणे. चांगला शेरा ती क्रिया घडवून आणतो.

७

या पद्धतीवर एक व्यावहारिक आक्षेप संभवतो. वर्ग मोठे असतात, निबंध अनेक असतात. प्रत्येक खर्ड्यावर सविस्तर लिहावयास वेळ कोठून आणावयाचा? आक्षेपात तथ्य आहे, पण तो येथे मांडलेल्या पद्धतीस लागू पडत नाही. नमुन्यातील परिच्छेदावर वर जे विवेचन केले ते समासात उतरवावयाचे नाही. तसे केले तर विद्यार्थ्याच्या निबंधाऐवजी अध्यापकाचाच निबंध तयार होईल आणि विद्यार्थी तो नकलून काढील. माळेचा धागा अध्यापकाने सांगून टाकला की तो विद्यार्थ्यास सापडण्याची संधी कायमची गेली. पहिल्या खर्ड्यावर दोन प्रश्न पुरेत: 'परीक्षकाचे वर्णन तुम्हाला अमान्य आहे की निकष?' आणि 'पूर्वार्धातील कोणते दृश्य गाळले तर शेवट बदलेल?' हे दोन प्रश्न लिहावयास 'खोली कमी' या शेऱ्याहून फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो अध्यापकाने चित्रपट व परीक्षण स्वतः ताजेपणाने पाहून-वाचून ठेवण्यास. आणि तो वेळ वर्गाच्या संख्येनुसार वाढत नाही.

त्या प्रश्नांनंतर नमुन्यातील परिच्छेदाचे काय होऊ शकेल, तेही पाहता येईल. दुसऱ्या खर्ड्यात विद्यार्थी असे लिहू शकेल: 'पहिल्या तासातील दृश्ये सुटी आहेत असे परीक्षक म्हणतो. परंतु माळेच्या चोरीचा आळ याच भागात येतो आणि त्याचे उत्तर दुर्गेच्या मृत्यूनंतर अपूला एकट्याला मिळते. हा धागा परीक्षकाच्या वर्णनात येत नाही. तळ्यावरील कीटकांची दृश्ये मात्र कथेला बांधलेली नाहीत; तेथे परीक्षकाचे वर्णन मान्य केले पाहिजे. ती दोष ठरतात की नाही, हे दृश्याकडून आपण काय मागतो यावर अवलंबून आहे.' या परिच्छेदात 'महान' हा शब्द नाही, पारितोषिक नाही, परकेपणाचा आरोपही नाही. क्राउथर यांनी तो वाचला असता तर आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला आहे अशी तक्रार त्यांना करता आली नसती. बहुधा त्यांना उत्तरच द्यावे लागले असते. लेखनातील शैथिल्य अद्याप आहे, 'आपण' या शब्दाची व्याप्ती अस्पष्ट आहे, आणि दृश्याच्या कार्याविषयीचा प्रश्न नुसता उभा करून सोडला आहे. तिसऱ्या खर्ड्यावरील शेरा तेथून सुरू व्हावा.